लटारूभाऊच्या वेबसाइटीचा पासवर्ड

...अन् मंग लोकं म्हणते, जंगलातल्या माणसाले कम्प्युटरचं कळत नाई. काऊन कळत नाई? तुमाले सांगतो, आमच्या लटारूभाऊले सगळं कळते, फक्त प्रवीणचं ऐकू येत नाई, एवढंच. लटारूभाऊ म्हणजे जंगलाच्या कडेले ज्याच्या पाच खोल्या हायेत, वाघ पाहाले येणारे लोकं तिथी उतरते, त्याची बायको मनकर्णाबाई त्यायले चुलीवरची भाकर अन् वांग्याची भाजी खाऊ घालते, अन् चंद्रपूरच्या प्रवीणनं त्याले वेबसाइट बनवून देल्ली... खोली पसंत करा, तारीख टाका, आधार कार्डाचा फोटो चढवा, झालं बुकिंग. प्रवीण बिचारा दर दोन महिन्यानं फोन करून सांगे, भाऊ, पासवर्ड बदलवा, गेलेल्या पाहुण्यायचे आधार कार्ड काढून टाका. लटारूभाऊचं उत्तर ठरलेलं. "अरे, पाच खोल्यायची वेबसाइट, तिच्यात चोरन्यासारखं हाय तरी काय?"

आता पासवर्ड कोणता, तर सुनेचं नाव मयुरी, अन् पुढं एक-दोन-तीन. वेबसाइटीले तोच, ईमेलले तोच, घरच्या वायफायलेही तोच. काऊन? तर ध्यानात राह्यते म्हणून. अन् पाहुण्यायले वायफाय लागते, रोज किती जनायले सांगाचं, म्हणून जेवणाच्या खोलीतल्या फळ्यावर, आजच्या भाजीच्या नावाखाली, खडूनं मोठ्या अक्षरात लिवून ठेवला. पाहुणे काय करते? ताट घेते, फळ्यापुढं उभे राह्यते, फोटो काढते, अन् टाकते इंटरनेटवर. म्हणजे भाऊनं सगळ्या जगाले घराची किल्ली वाटली, वरून वांग्याची भाजी. पण नाई... चोरन्यासारखं हाय तरी काय?

मंग एका सकाळी वेबसाइट उघडली, त वाघाच्या फोटोच्या जागी जुगाराची जाहिरात. प्रवीणनं फोनवर डोकं धरलं. लटारूभाऊ म्हणे, निंघून जाईन दोन दिवसात, जसा काई तो अंगावरचा फोड हाय.

तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोन आला. वर्ध्याच्या एक रिटायर मास्तरीणबाई, दिवाळीत चार दिवस राहून गेल्या होत्या. बाईनं हळूच विचारलं, सकाळी तुम्हीच फोन केला होता का? म्हणे कोणीतरी अगदी गोड आवाजात बोलला, "हॅलो मॅडम, मी लटारू बोलतोय, आपण तीन नंबरच्या खोलीत होतात ना, आपले पैसे परत यायचेत, फक्त ओटीपी सांगा..." खोली बरोबर, तारीख बरोबर, आधारचा नंबरही बरोबर.

लटारूभाऊनं घाईनं विचारलं. "मंग... देल्ला काय, बाई?"

"नाही दिला. चार दिवसांत तुम्ही मला एकदाही मॅडम म्हटलं नव्हतं."

फोन ठेवला अन् भाऊ तिथीच, फळ्याखाली, जमिनीवर बसला. मनकर्णाबाई हात पुसत आली. त्यानं तिले एवढंच सांगितलं, "बाईनं मले विश्वासानं कार्ड देल्लं, अन् मी ते रस्त्यावर ठेवलं वं."

मनकर्णाबाई रागावली नाई. म्हणे, बसून काय होते, आता सगळ्यायले फोन लावा. अन् लावले बरं त्यानं, तुमाले सांगतो, दोन दिवस, एकेका पाहुण्याले, दुसऱ्या कोणाच्या हाती फोन न देता... माझ्या चुकीनं तुमची माहिती चोरी गेली, माझ्या नावानं कोणी बोलला त काई सांगू नका. भोपाळच्या एकानं हिंदीतून वीस मिनिटं झाडलं, भाऊ शाळेतल्या पोरासारखा उभा राहून ऐके. गडचांदूरच्या एका म्हाताऱ्यानं तर तासाभरापूर्वीच ओटीपी देऊन टाकला होता. लटारूभाऊनं त्याच पावली मोटरसायकल काढली, त्याले घेऊन ठाण्यात बसला, तक्रार लिवली, अन् बँकेनं खातं वेळेवर थांबवलं म्हणून म्हाताऱ्याचे पैसे वाचले. ठाण्यातल्या साहेबानं विचारलं, वेबसाइटीत असं काय होतं चोरन्यासारखं? भाऊ खाली पाहून म्हणे, मानसं होते साहेब.

मंग प्रवीण आला अन् दोन दिवस बसून सगळं साफ केलं. जुने कार्ड काढले, फळा पुसला, वायफायचा पासवर्ड अलग, वेबसाइटीचा सोळा अक्षरायचा अलग, मनकर्णाबाईलेही माहीत नाई असा. अन् वरून दुसरं कुलूप... पासवर्ड टाकला का मोबाईलवर मेसेजनं कोड येते, तो पाच मिनिटात टाकाचा. आता मेसेजले लागते टॉवर, अन् घरी वायफाय हाय, पण टॉवर पकडत नाई, तो पकडते तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, अन् पार हाय पंधरा मिनिटं दूर. पहिले आठ दिवस भाऊ कोड घेऊन पयत आला, रोज कोड शिळा. आता लॅपटॉप बगलेत मारून तिथीच जाऊन बसते, रोज सकाळी.

काल पारीवर वाघाची ताजी पावलं दिसली. मनकर्णाबाईनं दारातच अडवलं, आज जाऊ नका. लटारूभाऊ चपला घालत म्हणे, "जा लागते वं... वाघ पाहाले येणाऱ्यायचं बुकिंग तिथीच उघडते."