पाण्याखालचा बांध

(तुवालूतलं एक बेट. भर दुपारी कमरेइतक्या समुद्रात तिघं उभे. एलियाच्या हातात सरकारी टॅब.)

एलिया : आत्या, पुन्हा तेच येतंय. ‘या जागी जमीन नाही.’

वालिसी : नाही कशी? मग मी उभी कशावर आहे? दाब परत.

एलिया : किती दाबू? आकाशातून फोटो घेतलाय, त्यात पाणीच दिसतं. आज जुनी दप्तरं बंद होणार. उद्यापासून संगणकात असेल तेवढीच जमीन.

वालिसी : माझ्या आईचा पुलाक्याचे कंद लावायचा खड्डा होता इथे. त्या कंदांवर आम्ही सगळी भावंडं वाढलो. तुझा बापसुद्धा! ते उद्यापासून खोटं?

एलिया : खोटं नाही गं. फक्त नोंद नाही.

वालिसी : एकच ते! आणि नासेली, तू शेजारी ना माझा? मिठाची गुळणी धरून काय उभा राहिलायस?

नासेली : काय बोलू? मी चाललो मुलाकडे, ऑकलंडला. बांधावरच्या दोन माडांपायी जन्मभर तुझ्याशी भांडलो. आता माडही नाहीत, बांधही नाही. घे, तुझेच होते.

वालिसी : खबरदार! माझेच होते, पण तू असे सोडायचे नाहीत.

नासेली : घ्या! भांडलो तरी वाईट, सोडले तरी वाईट.

वालिसी : अरे, आपण दोघंही गप्प बसलो, तर इथे काही होतं हे सांगणार कोण?

एलिया : थांबा, थांबा! वाद आहे ना? वाद असलेली जमीन निकाल लागेपर्यंत नोंदीतून काढताच येत नाही. तिथे फोटो विचारत नाहीत. दोघांचे अंगठे लागतात.

नासेली : म्हणजे मी हरकत घ्यायची?

एलिया : हो काका. दोन माडांवर.

नासेली : दोन कुठले? तीन! तिसरा हिने तोडला.

वालिसी : वादळात पडला तो, लबाडा!

नासेली : बरोबर तुझ्याच अंगणात पडला? लिही रे, तीन.

एलिया : लिहिले. अंगठा डोक्यावर पुसा आधी, ओला चालत नाही. आत्या, आता तू... घेतलं! दोन्ही घराण्यांची नावं आली बघा.

वालिसी : बघू. हो, आईचंही आहे.

एलिया : एकच राहिलं. समेटाची काही शक्यता?

वालिसी : मी जिवंत असेपर्यंत नाही.

नासेली : नंतरही नाही. पोराला सांगून ठेवतो, तिकडून भांड म्हणून.