तापाची खोली

नाही हो, पाणी नाही सांडलं — औषध. साथीत फवारायचे ना रोज. तुम्ही पियानोचं झाकण उघडून नाक मुरडलंत तेव्हाच म्हटलं, आता हे विचारणार. पाठीवर टाकी बांधलेला माणूस यायचा शाळा सुटल्यावर, आणि बाकं, खिडक्या, दाराच्या कड्या — दिसेल त्यावर फुस्स. मी म्हणायची, अहो पियानोवर नका, त्याच्या पोटात लोकर असते, तारा असतात. तर तो म्हणायचा, बाई, मला खोली सांगितलीय, खोलीत जे असेल ते खोलीच. बरोबरच होतं त्याचं, त्याला तरी कोण विचारत होतं. मग मी जुनी चादर घालायला लागले, तर चादर भिजायची आणि ओलीच्या ओली वर पडून राहायची — म्हणजे माझ्याच शहाणपणानं जास्त वाट लागली. आतल्या हातोड्या फुगल्यात ना? तारा गंजल्यात? राहू द्या, सगळं सांगू नका. होईल तेवढा करा नीट. पुढच्या आठवड्यापासून पोरं गाणार आहेत म्हणे.

इथेच, हो. हा गाण्याचाच वर्ग, आधीपासून. मधे तापाची खोली होती. दारावरच्या पाटीवर विलगीकरण कक्ष, पण पोरांच्या जिभेला तो शब्द वळतोय थोडाच — तापाची खोली. जिल्ह्याच्या कार्यालयातून परिपत्रक आलं, प्रत्येक शाळेत अशी एक खोली हवी, कोपऱ्यातली, बाहेर उघडणारं वेगळं दार असलेली, दोन्ही बाजूंनी वारा येणारी. आमच्या शाळेत तशी हीच. आणि दुसरं परिपत्रक आलं की गाणं बंद — गाताना तोंडातून थेंब उडतात ना, बोलताना उडतात त्याहून लांब. म्हणजे खोलीही मोकळी झाली आणि बाईही मोकळी झाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुम्हीच बसा तिथे. बसले. आमच्या मुख्याध्यापिका तशा खमक्या, त्यांनी वर विचारलं, गाणं नाही तर नाही, गुणगुणलेलं चालेल का, तोंड मिटूनच असतं. उत्तर आलं, विचार सुरू आहे. अजून सुरूच असेल. — हसा, हसा, आम्हीही हसायचो.

काम काय? काम काही नव्हतं हो, बसायचं. फाटकावर कपाळाला ते ताप मोजायचं यंत्र लावायचे, आत आल्यावर कुणी खोकलं, कुणी गळून गेलं, की पाठवायचे माझ्याकडे. ते पोर त्या खिडकीशी, मी इथे दाराशी — मधली जमिनीवरची पिवळी पट्टी दिसतेय ना अजून? घासून घासून निघत नाही. पट्टीपलीकडे जायचं नाही. घरी फोन करायचा आणि कुणी न्यायला येईपर्यंत बसून राहायचं. पोरं काय, आधी रडायची, मग कंटाळायची, मग विचारायची, बाई, मला न्यायला कोण येणार? सगळी हेच विचारायची. पोट दुखतंय, डोकं दुखतंय हे नंतर. कोण येणार. मी म्हणायची, येतील, येतायत, निघाले. आणि यायचे. आजोबा यायचे, मोठी बहीण यायची, एकीचा तर मामा घोड्यावर बसल्यासारखा सायकल हाणत आला होता, एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात भलतीच. सगळ्यांना कुणीतरी आलं. एक सोडून.

चालू द्या तुमचं, मी बोलतेय म्हणून थांबू नका. माझं बोलणं म्हणजे नळ गळतोय असं समजा.

ती एक म्हणजे — आमचे हे तिला साहेब म्हणतात. आमचे हे म्हणजे माझे यजमान, निवृत्त झालेत, घरीच असतात. तेव्हा तिसरीत होती ती. आई तिची पहिल्यापासूनच नव्हती, बाप एकटा. दुधाची गाडी चालवायचा. उंच, गबाळा, पण हसतमुख माणूस — रोज फाटकाशी पोरीच्या कपाळाला यंत्र लावलं की आपलंही कपाळ पुढे करायचा, माझंही बघा, सासुरवाडीला जायचंय म्हणून. कुणाची सासुरवाडी न काय, पण तेवढंच सगळे हसायचे. त्या दिवशी मात्र गाडीतून उतरलाच नाही तो. काच वर, आणि आतून नुसता हात हलवला. पोरगी एकटी चालत आली. आता वाटतं, त्याला कळलं असणार आपल्याला बरं नाहीये, म्हणून लांब राहिला. कुणाला लागू नये म्हणून. शहाणा माणूस.

दुपारी पोरीला कणकण आली म्हणून माझ्याकडे पाठवली. मी फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला. वाजतोय, वाजतोय, नाही. डेअरीत लावला तर तिथला माणूस म्हणाला, अहो त्याला सकाळीच नेला, रस्त्याच्या कडेला गाडी लावून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता, श्वास घेता येईना. कुठे नेला? ते नाही माहीत. — हे सगळं मी इथे दारात उभी राहून ऐकतेय आणि ती खिडकीशी बसून माझ्याकडे बघतेय. मास्कचं एक बरं होतं. तोंड दिसत नाही. नुसते डोळे सांभाळले की झालं. मी म्हटलं, बाबांना जरा उशीर होतोय. म्हणाली, दुधाचं कधीकधी असं होतं. मलाच समजावलं तिनं.

मग शाळा सुटली. सगळी पोरं गेली, शिक्षक गेले, फवारणीवाला टाकी घेऊन दारात येऊन उभा राहिला, बाई, आवरा. नियम असा की मूल द्यायचं ते ज्या पालकाचं नाव शाळेत असेल त्याच्याच हातात. दुसरा नियम असा की आजारी मूल शाळेत ठेवायचं नाही. आणि कुणी शिक्षकानं घरी न्यायचं नाही हा तिसरा. म्हणजे द्यायचं नाही, ठेवायचं नाही, न्यायचं नाही — मग करायचं काय, लोणचं? जिल्ह्याच्या कार्यालयात फोन केला, ते म्हणाले, कळवतो. मुख्याध्यापिका कितीतरी वेळ त्या तिथे बाहेर उभ्या होत्या, पर्स छातीशी धरून. मग म्हणाल्या, मी आता कुलूप लावायला पुढच्या दाराला जातेय, मागचं दार मला दिसत नाही. आणि गेल्या. चांगल्या बाई आहेत. मी पट्टी ओलांडली. हात पुढे केला. तापलेला हात होता तिचा, एवढासा, घामेजलेला. चल म्हटलं.

नाही, तिला ते नव्हतं. घसा सुजला होता नुसता, तपासणीत काहीच निघालं नाही. पण ते कळेपर्यंत — आमच्या ह्यांची छाती नाजूक. दारातच म्हणाले, अगं, हे काय आणलंस? मी म्हटलं, पोरगी. म्हणाले, ते दिसतंय, नियम काय सांगतो? मी म्हटलं, नियम सांगतो तुम्ही माडीवर जाऊन झोपा. तणतणत गेले, उशी काखेत मारून. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बघते तर हे जिन्याच्या वरच्या पायरीवर आणि ती खालच्या पायरीवर, पत्ते खेळतायत. पत्ता खाली टाकायचा तर भिरकावायचा. ती हरली की हुकूम सोडायची, पुन्हा वाटा! तेव्हापासून साहेब. साहेब उठले का, साहेब दूध पिणार नाहीत म्हणतायत. पुढे पुढे वेणी घालायला शिकला हा माणूस. ज्यानं जन्मात स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावलं नाही. 

बाप? बाप गेला. त्याच आठवड्यात. मला कुणी भेटू दिलं नाही, तिलाही नाही, तेव्हा तसंच होतं सगळं. सांगायचं काम माझ्याकडे आलं. स्वयंपाकघरात ती चित्र काढत बसली होती, मी म्हटलं, बाबा गेले. तर म्हणाली, कुठे? — बघा ना, शब्दही कसे असतात आपले. मग नीट सांगावं लागलं. सांगितलं. ती रडली नाही लगेच. खडू खाली ठेवला आणि म्हणाली, मग मला न्यायला कोण येणार?

मी म्हटलं, आत्या येईल. होती एक आत्या, बापाची सख्खी बहीण, पार समुद्रापलीकडे. वाहतूक बंद, सीमा बंद. ती फोनवर नुसती रडायची, मी आले असते हो, पोहत आले असते. तर पोरीला म्हटलं, रस्ते उघडले की आत्या येईल. तेव्हा काहीतरी म्हणायला हवं होतं, ते म्हटलं. आणि मग कार्यालयाच्या मॅडम आल्या चौकशीला, चेहऱ्यासमोर ती पारदर्शक ढाल लावून. तुम्हाला नियम माहीत नव्हता? मी म्हटलं, माहीत होता, माझ्याच दारावर चिकटवलाय. मग? मग काय, शाळा सुटली आणि पोरगी उरली. ढाल आतून धुरकटली, पुसता येईना त्यांना. शेवटी माझी चूक ती चूक असा शेरा मारला आणि त्याच पानावर खाली तात्पुरती पालक म्हणून माझं नाव घातलं. तात्पुरती. माझी काही तक्रार नाही त्या शब्दाबद्दल. सगळंच तात्पुरतं होतं.

— ही काळी पट्टी मगाशी वाजत नव्हती ना? वाजली की आता. हात आहे तुम्हाला.

रस्ते उघडले, हो. उघडले, मग कागदपत्रं, मग हे, मग ते, दीड-दोन वर्षं गेली. परवा आली आत्या. चांगली आहे हो. तेच तर. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तर तिनं आल्या आल्या माझे पाय धरले. भावाचंच नाक, हसणंही तसंच. पोरीसाठी वेगळी खोली केलीय, भिंतीला कुठला रंग हवा ते फोनवर विचारून घेतलं होतं. काय बोलणार? रक्ताचं माणूस आहे. आणि शब्द माझाच होता, आत्या येईल.

आज. आजच नेणार. आता, शाळा सुटली की. सामान सकाळीच भरलं गाडीत. साहेबांचा हट्ट, शेवटच्या तासापर्यंत बसणार, चित्रकला आहे. आमचे हे सकाळी म्हणाले, बाजारात जाऊन येतो, आणि पिशवी न घेताच गेले. अजून फोन उचलत नाहीयेत. येतील. मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, आज सुट्टी घ्या. मी म्हटलं, कशाला, आज पियानोवाले यायचेत. — हो, मीच सांगितलं होतं तुम्हाला आजचं. तुम्ही उद्या म्हणत होतात, मी म्हटलं, नाही, आजच.

मला? मला काही नाही होत. खरंच सांगते, काही नाही वाटत. हे म्हणतात, डॉक्टरला दाखव. अहो, काय दाखवू, दुखत असेल तर दाखवेन. पाय अंगाखाली घेऊन खूप वेळ बसलं की कसा होतो, चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच वाटतो — तसं. त्या दिवशी स्वयंपाकघरात झालं तसं, ते तसंच राहिलं. ती रडायची तेव्हा मी कोरड्या डोळ्यांनी तिला थोपटायची. जेवू घालायची, अभ्यास घ्यायची, सगळं करायची. गाणं म्हण म्हणायची ती झोपताना. मी म्हणायची, बंदी आहे. बंदी उठली तरी बंदी आहे म्हणायची.

थांबा. वाजवू नका जरा. घंटा झाली ना?

आलीस? ये. — हे काका पियानो नीट करतायत. बघू चित्र? छान. हिरवा जास्त झालाय, पण छान. बाटली घेतलीस का? आणि स्वेटर? घाल मग, हातात काय मिरवतेस. — नमस्कार, या ना आत. नाही बसत? बरोबर आहे, लांब जायचंय तुम्हाला. — हो, सांगेन त्यांना. ते बाजारात गेलेत. — हो गं. हो. ऐकते. बरं. — जा आता. आत्या थांबलीय ना. जा.

...

काय बघताय? झालं. गेली.

बिलगली ना ती मला, पाहिलंत तुम्ही? पोटाशी डोकं खुपसून. आणि माझे हात असे. असे लोंबत राहिले बाजूला. उचलायचे असतात हे कळत होतं मला, पण उचललेच गेले नाहीत. तिनंच मग आपली आपण सोडली मिठी. तिला काय वाटलं असेल हो? तिला वाटलं असेल की बाईंना — नाही, तुम्ही नका सांगू. तुम्हाला काय माहीत. तुम्ही आवरा आता. उरलेलं उद्या करा. नाही, आज नको, म्हटलं ना नको, ती हत्यारांची पेटी उचला आणि — गाडी सुरू झाली का ती? फाटकातून वळवून घ्यावी लागते मोठी गाडी, लगेच नाही निघत. सरका. अहो, सरका ना, जाऊ द्या मला, ते स्टूल — कुलूपबिलूप राहू दे, दार उघडंच राहू दे —