चौधरीचा एकही चेंडू चुकेना

मी चौधरीवर उगाच संशय घेतला म्हणाल, पण आधी ऐका. नव्वदच्या दशकात मी सिल्वासाला धाग्याच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायचो. जेवणाच्या सुट्टीत पुस्तकात बघून गेम बनवला. चेंडू डावीकडे आला की जाड आवाज, उजवीकडे आला की बारीक. लगेच त्या बाजूचं बटण दाबायचं. आम्ही सगळे हरायचो. धाग्याच्या मशीनवरचा जळगावचा चौधरी मात्र एकही चेंडू सोडेना.

"माझा प्रोग्राम उघडलास ना?" मी विचारलं.

"मले तं कॉम्प्युटर चालू बी करता येत नाही, भाऊ."

मला पटेना. गेमची फ्लॉपी खिशात घेऊन फिरायला लागलो, तरी हा जिंकतोच. शेवटी पडदा सोडून त्याच्या तोंडाकडे बघत बसलो, तर गडी डोळे मिटून खेळत होता.

"चेंडू बघत का नाहीस?"

"तो उशिरा येतो ना. धागा तुटायच्या आधी मशीन बोलते, तसा तुमचा गेम बी आधी बोलतो."

प्रोग्राम तपासला, तर आवाजाची ओळ मीच चेंडूच्या ओळीच्या वर लिहिली होती. गुपचूप खाली नेली.

दुसऱ्या दिवशी चौधरीचा पहिलाच चेंडू चुकला. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "कोनीतरी प्रोग्राम उघडला, भाऊ."