हरण्या-लाख्याचा फोटू

(भातकुलीजवळचं खेडं. ओसरीवर दोघे भाऊ अन् थोरल्या भगवंतरावची बायको मनकर्णा. मधे बैलजोडीच्या फोटोचे दोन तुकडे, पुठ्ठा अन् कात्री.)

खुशालराव : खिडकी जरा रुंद काप ना, भाऊ. माह्या हरण्याचं शिंग पुठ्ठ्याखाली चाललं.

भगवंतराव : तुया हरण्या आधीपासूनच जोडीच्या बाहेर अंग काढून उभा राहे. त्याले मी काय करू?

मनकर्णा : हे घ्या खळ. मोरचूद टाकला हाय, कसर लागनार नाई. भावजी, धोतराच्या खोक्याचा पुठ्ठा पुरते ना?

खुशालराव : पुरते, वयनी. अकोल्यात फ्रेमवाला काचेत बसवून देत होता, पन भाऊ आयकते कुठी!

भगवंतराव : त्याले काय सांगतं? वाटनीत दोघा भावायनं बैल एक-एक घेतला, अन् फोटूबी मधातून कापला, असं?

खुशालराव : कात्री तूच मांगतली होती.

भगवंतराव : अन् चालवली तू!

मनकर्णा : झालं सुरू! इतक्या वर्सानं भाऊ घरी आला, त्याचं तं काई पाहा.

खुशालराव : त्या शंकरपटाच्या शर्यतीत काय धुरया उडाला होता, भाऊ! जोडी पयली आली तं साहेबानं आबाले फेटा बांधला, अन् लाख्या फोटूवाल्याच्या अंगावर धावला.

भगवंतराव : आबा किती हासले! तसं हासताना बापाले मी मंग कदी पायलं नाई.

खुशालराव : माया तुकडा चुलीपाशी टांगून पार पिवळा पडला. तुया कोरा करकरीत. कुठी ठेवला होता?

भगवंतराव : पेटीत. तळाले.

खुशालराव : इतका राग होता?

भगवंतराव : राग कायचा बे? पायवत नोतं मले. एकटा लाख्या, अन् बाजूले कापलेलं जू.

खुशालराव : हरण्यानं मंग दुसऱ्या बैलासंगं जुवाले मानच देल्ली नाई. तुले सांगाची हिंमत झाली नाई, भाऊ.

भगवंतराव : लाख्यानं तरी कुठी देल्ली.

खुशालराव : मधात पट्टी ठेवू? चीर झाकन.

भगवंतराव : नोको. आपनच केलं हाय, दिसू दे.

खुशालराव : मंग लवकर चिकटव. बडनेऱ्याहून सांजची गाडी हाय मले. अन् हा टांगाचा कोनाच्या घरी? याच्यावरूनच तं मांगं बिनसलं होतं.

भगवंतराव : ते मंग पाहू. ओला हालवला तं सुटन. वाळेपर्यंत तुले थांबा लागते.

खुशालराव : कवा वाळन?

मनकर्णा : ऊन कडक हाय. घंट्याभरात वाळते.

भगवंतराव : तू काहून मधात बोलून राहिली? खुशाल, वाटी सरकव इकडे. खळीचा आजूक एक हात देतो.