पाच मिनिटं पुढचं घड्याळ

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या निवडणूक कार्यालयाच्या प्रमुख, आदरणीय मॅडम; प्रमुख पाहुणे, ज्यांना सगळं गाव छापखानेवाले दादा म्हणतं ते आपले दादा; माझे सहकारी; आजी-माजी उमेदवार, निवडून आलेले आणि राहून गेलेले दोन्ही; पहिल्या रांगेत बसून मला 'आवरा' अशी खूण करणारी माझी बायको; आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर अर्धे बसलेले नि अर्धे उठलेले दादांचे धाकटे बंधू. सर्वांना नमस्कार.

धाकटे, उठू नका. नीट टेकून बसा. शिपाईभाऊ, ते दार लावू नका, पण यांना जाऊही देऊ नका. हसू नका मंडळी, मी गंमत करत नाहीये.

मॅडमनी मला सहा वाजेपर्यंत वेळ दिलाय. आधीच्या वक्त्यांनी माझं फारच कौतुक केलं. हा माणूस छत्तीस वर्षांत एकदाही उशिरा आला नाही, म्हणाले. याचं घड्याळ कायम पाच मिनिटं पुढे असतं, असा आदर्श ठेवावा, म्हणाले. टाळ्या पडल्या. आणि मग भेट काय दिलीत? घड्याळ! तुमची काय चूक म्हणा, तुम्हाला काय माहीत? पण ती डबी हातात आली तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. बायको तर सांगते, तुमच्या घड्याळाने मी दर दिवशी पाच मिनिटं आधी म्हातारी झाले. असो. मुद्द्यावर येतो. येतो म्हणतोय, पण पाय मागे ओढताहेत.

आज खरं तर दोन निरोप आहेत. एक माझा. माझा काय, उद्या माझ्या खुर्चीत दुसरा बसेल. दुसरा आपल्या जिल्हा परिषद मतदारसंघाचा. नव्या फेररचनेत त्याचे तीन तुकडे झाले, तिन्ही शेजाऱ्यांत वाटले गेले, आणि नाव पुसलं गेलं. दहा निवडणुका पाहिलेला मतदारसंघ. त्याचा इतिहास मी लिहिला, दादांनी छापला. ती पुस्तिका तुमच्या हातात आहे.

चाळा हवी तर. पहिली निवडणूक: दोन उमेदवार, दोघं शेजारी, गावात कर्णा एकच. सकाळी एकाचा प्रचार, संध्याकाळी त्याच कर्ण्यावरून दुसऱ्याचा, आणि दुपारी दोघं मिळून त्याची दुरुस्ती करायचे. दुसरी बिनविरोध, तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्या वेळी आपले केशकर्तनालयवाले काका उभे राहिले. घरात मतदार बावीस, मतं पडली एकोणीस. ते तिघं कोण, याचा शोध काकांनी मरेपर्यंत घेतला. गिऱ्हाईकाच्या मानेवर वस्तरा ठेवून विचारायचे, म्हणतात! चौथ्या वेळी नदीला पूर आला आणि मतपेट्या होडीतून आल्या.

आता पाचवी. सत्तावीस वर्षं झाली. पान अकरा. हे पान मला वाचवत नाही हो.

पाचव्या निवडणुकीत आपले दादा उभे होते. तीनदा मोजणी झाली आणि तिन्ही वेळा दादा एका मताने हरले. जिंकलेल्या साहेबांना लोक पुढे चेष्टेने 'एकमताने निवडून आलेले' म्हणायचे. ते आज हयात नाहीत. कामं त्यांनी बरी केली, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण एका मताने हरलेला माणूस काय करतो? ते मत शोधतो. दादांना फार लांब जावं लागलं नाही. निवडणुकीच्या दोन दिवस आधी छापखान्यात, कामगारांच्या देखत, धाकटे तावातावाने म्हणाले होते, "दादा, या भानगडीत पडू नकोस. आपला धंदा बरा नि आपण बरे. मी तुला मत देणार नाही, सांगून ठेवतो." झालं! निकाल लागला आणि दोघा भावांची तोंडं फिरली. छापखान्याच्या मधोमध भिंत उभी राहिली. यंत्र दादांकडे, छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांची कपाटं धाकट्यांकडे. दोन महिने दोघांनाही एक कागद छापता येईना, पण एकानेही दुसऱ्याचं दार वाजवलं नाही. सत्तावीस वर्षं वाजवलं नाही.

आज धाकटे आलेत ते मी घरी जाऊन हातापाया पडलो म्हणून. परवा ते लेकीकडे निघालेत, कायमचे. भिंतीपलीकडची अर्धी जागा विकली त्यांनी.

मागच्या आठवड्यात या पुस्तिकेचं शेवटचं प्रूफ बघायला दादांकडे गेलो. पान अकरावर 'एका मताने पराभव' या ओळीवर दादांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे कंसात टाका, घरभेद्यामुळे." मी म्हटलं, "राहू द्या दादा." एवढंच म्हटलं. घरी आलो, जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, "काय होतंय?" मी म्हटलं, पित्त.

पित्त नव्हतं ते.

मंडळी, त्या निवडणुकीत शाळेतल्या मतदान केंद्राचा अध्यक्ष मी होतो. वय एकतीस, अंगात नवा कोट आणि डोक्यात नियम. मतदान पाचला बंद. पाच वाजता रांगेत जे असतील त्यांना चिठ्ठ्या द्यायच्या, आणि त्या शेपटाकडून द्यायच्या. सगळ्यात शेवटच्या माणसाला एक नंबर, मग पुढे पुढे. म्हणजे नंतर कुणी मागे येऊन उभा राहिला तर त्याला चिठ्ठी नाही. चांगला नियम आहे, मी कित्येकांना शिकवला. त्या दिवशी रांगेत अकरा जण होते. मी मनगटावर पाहिलं, पाच. फाटक लावलं, अकरा चिठ्ठ्या वाटल्या. वाटून होतात न होतात तोच एक माणूस धापा टाकत फाटकावर आला.

धाकटे, खाली बघू नका. तुम्हीच होतात.

म्हणाले, "साहेब, आत घ्या. सकाळपासून रागात बसलो होतो, आता राहवलं नाही. माझं मत दादाला द्यायचंय." आणि मी शहाणा काय म्हणालो? "कुणाला ते सांगू नका! इथे मतदान गुप्त असतं." आणि म्हणालो, "पाच वाजले." ते म्हणाले, "अहो, अजून नाही वाजले." मी त्यांना माझं घड्याळ दाखवलं. पाच वाजून एक मिनिट. माणूस खाली मान घालून गेला.

त्यानंतर चार मिनिटांनी गिरणीचा पाचचा भोंगा झाला.

तेव्हा लक्षात आलं. आपलं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं हे मी विसरलो होतो, रोजच्या सवयीने विसरलो होतो. धाकटे अजून कोपऱ्यावर दिसत होते. पाठमोरे. एक हाक मारली असती तर आले असते. पण चिठ्ठ्या वाटून झाल्या होत्या, डायरीत 'ठीक पाच वाजता फाटक बंद' असं लिहून झालं होतं, आणि अकरा माणसं माझ्याकडे बघत होती. नाही मारली हाक. घड्याळ चुकलं ती चूक. हाक मारली नाही, तो गुन्हा.

आणि त्याहून वाईट पुढे आहे. निकालानंतर दादा, तुम्ही माझ्याकडे आलात. विचारलंत, "हा म्हणतो, मी पाचच्या आत गेलो होतो. खरं का?" मी म्हणालो, "मी फाटक ठीक पाचला लावलं." तुम्ही म्हणालात, "मग झालं. तुमचं घड्याळ कधी मागे पडत नाही." आणि सख्ख्या भावाला खोटं ठरवून तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. एका कारकुनावर!

ते मत पडलं असतं तर तुम्ही जिंकला असता, असं मी म्हणत नाही. बरोबरी झाली असती, मग चिठ्ठी काढली असती, कुणाचीही निघाली असती. पण भिंत उभी राहिली नसती, दादा. आणि पान अकरावर कंसात कुणाचं नाव घालायचंच असेल तर माझं घाला. मॅडम, जी कारवाई व्हायची ती होऊ द्या. पेन्शनचं काय होईल याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? बायकोलाही हे आत्ताच कळतंय. पण बोलल्याशिवाय मला या हॉलमधून बाहेर जाता आलं नसतं.

आपण हा समारंभ केलात, चार चांगले शब्द बोललात, मी सर्वांचा ऋणी आहे. भेटीची डबी इथे टेबलावर ठेवतो, ती मला नको. बोलण्याच्या शेवटी चुकल्यामाकल्याची क्षमा मागायची आपल्याकडे पद्धत आहे. मीही मागतो, पण सभेकडे नाही. धाकटे, तुमच्याकडे. द्यायची की नाही, ते तुमच्यावर.

माझ्या घड्याळात आता सहा वाजून एक मिनिट झालंय. भिंतीवरचं घड्याळ बघा, सहाला चार मिनिटं कमी आहेत. मॅडम, ही चार मिनिटं माझी नाहीत. ज्यांची आहेत त्यांना परत करायची परवानगी द्या.

दादा, तुम्ही उठलात? थांबा, सावकाश, तिथे पायरी आहे. धाकटे, या. फाटक उघडं आहे.