इंदूबाईची दुसरी चूल

वलगावच्या बसच्या रांगेत माझ्यामागे दोघी होत्या: विद्यापीठात संशोधन करणारी प्रियदर्शनी आणि तिनं कमी जळणाची नवी चूल वापरायला दिलेली इंदूबाई.

“मावशी, चुलीतल्या मशीनमधली नोंद पाहिली. तुमची चूल आठ महिने रोज दोनदा पेटली. गावात सगळ्यात जास्त!”

“पेटवतच होतो ना मी.”

“भाकर कशी होते तिच्यावर?”

“भाकर तं मी मातीच्याच चुलीवर करतो.”

“मग हिच्यावर?”

“नुसतं पाणी तापवतो. तूच म्हणत होती, चूल पेटली नाई तं पीएचडी अडते.”

“म्हणजे दोन्ही चुली पेटत होत्या?”

“हो. वावरातल्या कपाशीची पऱ्हाटी दुप्पट जळली, पण तुयं काम झालं ना?”

“उद्या माझ्या गाईड सरांना काय सांगू मी?”

“घाबरून काऊन राहिली? मी येतो ना संगं सांगाले.”