जुईनंतरची

चारुता : तुम्ही मात्यूला अडवायचं होतं, बाबा.

राजन : मला वाटलं, तुमचं ठरलंय. सायकल काढताना म्हणाला, ‘खेमेंते, बेबी नेम.’ इथल्या डच नगरपालिकेत नाव नोंदवायला निघालाय एवढं कळलं, मी मान डोलावली.

चारुता : कोणतं नाव, ते नाही विचारलंत?

राजन : काय विचारणार? हिमानी ठेवायचं म्हणाला होतात ना तुम्ही?

चारुता : कालपर्यंत हिमानीच होतं.

राजन : मग?

चारुता : आमची पहिली, जुई, गेल्यापासून तो पूर्वज शोधत बसतो, तुम्हाला माहितीये. फ्रान्समधून जहाजानं रेयुनियन बेटावर गेलेले, उसाचे मळे केलेले.

राजन : हो, मला व्हिडिओवर दाखवायचा की. त्यात एक मारी-रोझ होती, तिचा जन्म तीनदा लिहिलेला. मी म्हटलं, जावईबापू, कुठेतरी चुकतंय.

चारुता : चुकलं नव्हतं. तीन बहिणी होत्या त्या. पहिली गेली, तेव्हा पुढच्या मुलीला तेच नाव दिलं. तीही गेली, मग तिसरीला. त्यांच्यात तशी पद्धतच होती. तिसरी जगली. मात्यू तिच्याच वंशातला.

राजन : म्हणजे आता हिचं नाव...

चारुता : जुई.

राजन : अगं, पण... आपल्यातही आजोबांचं नाव नातवाला ठेवतात म्हणा.

चारुता : आजोबा आयुष्य जगून गेलेले असतात, बाबा. जुईनं तर हे घरसुद्धा पाहिलं नाही. हॉस्पिटलच्या काचेतून काय दिसलं असेल तेवढंच.

राजन : तू नाही म्हणालीस ना त्याला?

चारुता : नाही म्हणवलं नाही. विचारताना रडत होता. जुईच्या वेळी एकदाही रडला नव्हता तो. सगळे फोन, सगळ्या सह्या त्यानंच केल्या. काल पहिल्यांदा रडला, आणि मी नुसती त्याचा हात धरून बसले. त्यानं ते हो समजलं असेल.

राजन : फोन लाव त्याला.

चारुता : लावला. स्वयंपाकघरात वाजतोय.

राजन : मी जातो. कुठे आहे ते ऑफिस?

चारुता : हूफ्डॉर्पला. तुम्ही बस शोधेपर्यंत तो परत येईल.

राजन : तुझी सही लागत असेल की.

चारुता : आई किंवा बाप, कुणीही एक गेलं तरी चालतं.

राजन : आणि नंतर बदलायचं म्हटलं तर?

चारुता : वकील करायचा, कोर्टात जायचं. तिथे काय सांगू? माझ्या मुलीचं नाव माझ्याच मुलीचं आहे म्हणून?

राजन : आपल्याकडे बारसं होईपर्यंत नुसतं बाळच म्हणतात. कुणाला घाई नसते.

चारुता : इथे असते. तीन दिवसांत नोंदवावं लागतं.

राजन : जुई नाव मीच सुचवलं होतं. तेव्हा व्हिसा मिळाला नाही म्हणून येता आलं नाही. आता इथे आहे, तर मान डोलावून पाठवून दिलं त्याला.

चारुता : तुम्हाला कुठे माहीत होतं? दार वाजलं बघा.

(मात्यू आत येतो. त्याच वेळी आतल्या खोलीत बाळ रडू लागतं.)

मात्यू : चारू, झालं. नाव झालं.

चारुता : कोणतं?

मात्यू : काल तू... हो, ना? जुई. आपली जुई.

राजन : बस हं, मात्यू. पाणी देतो तुला.

मात्यू : चारू? मी चूक?

चारुता : तिला घे आधी. भूक लागली असेल.

मात्यू : हो. येतो, येतो. जुई, बाबा आला. जुई...

राजन : गेला आत. चारू, मी बोलू का त्याच्याशी? तू इंग्रजीत सांगून ठेव, मी तसंच म्हणतो.

चारुता : काय म्हणाल?

राजन : तेच कळत नाहीये.

चारुता : राहू दे.

राजन : गप्प झाली बघ त्याच्याकडे.

चारुता : हं. ते दार जरा लोटून घ्या, बाबा. अजून त्याच नावानं हाक मारतोय तो.